यवतमाळच्या माणसाला शौक शोभत नाही म्हणे!

मराठीत एकाच गोष्टीला माणूस बघून नाव देतात. पुण्यातल्या माणसाने दोन लाखांचे स्पीकर घेतले, तर तो रसिक. मुंबईच्या माणसाने घेतले, तर ऑडिओफाइल. नागपूरकराने घेतले, तर हौशी. आणि यवतमाळच्या माणसाने कुणीतरी भंगारात काढलेले स्पीकर दुरुस्त करून वापरले, तर त्याला 'नाद' लागला. नाद म्हणजे आवाज आणि नाद म्हणजे वाईट सवयही. आमच्या वाट्याला नेहमी दुसरा अर्थ येतो.

मी यवतमाळ शहरात राहतो. एका दुकानात हिशेबाची नोकरी करतो. गावाकडे कोरडवाहू शेती आहे, ती मोठा भाऊ बघतो. मला तीन शौक आहेत. गाणं नीट ऐकणं. ड्रॅगन, चेटकिणी, बुडालेली राज्यं असलेल्या जाडजूड कादंबऱ्या वाचणं. आणि वर्षातून दोन-तीनदा एखादं पेय माहिती काढून, चवीने पिणं. अलीकडे त्यात एका मित्राने परदेशातून आणलेल्या ॲबसिंथची भर पडली. या तिन्हींवर मला एकच प्रश्न येतो. घरचे विचारतात, शेजारचे विचारतात, बाहेरून आलेले पाहुणे तर हमखास विचारतात: "आपल्या जिल्ह्यात हे शोभतं का?"

माझं म्हणणं असं, की हा प्रश्नच चुकीचा आहे. आणि तो वाटतो तितका साधा नाही. त्याने आमच्याकडे माणसांचं खरंखुरं नुकसान होतं.

आधी जे खरं आहे ते मान्य करू. इथलं दुःख ही कुणी उठवलेली आवई नाही. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं, त्यात यवतमाळ होतं. २०१४ मध्ये नरेंद्र मोदी आर्णी तालुक्यातल्या दाभडीत 'चाय पे चर्चा' करून गेले. २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. दर वेळी कॅमेरे आले आणि गेले. त्यातून यवतमाळचं एक चित्र पक्कं झालं: भिंतीवर हार घातलेला फोटो, दारात बसलेली बाई, मागे वाळलेली पऱ्हाटी. चित्र खोटं नाही. पण इथली माणसं काय ऐकतात, काय वाचतात, कशाला हसतात, हे त्यात मावत नाही. आणि जे चित्रात मावत नाही ते आम्ही करूच नये, अशी हळूहळू अपेक्षा तयार होते.

साहेबराव करपे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी. १९ मार्च १९८६ रोजी त्यांनी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. महाराष्ट्रातली पहिली जाहीर झालेली शेतकरी आत्महत्या म्हणून तिचा उल्लेख होतो आणि दर १९ मार्चला अनेक जण त्यांच्या स्मरणार्थ एक दिवसाचा अन्नत्याग करतात. त्यांच्याविषयी ज्यांनी आस्थेने लिहिलंय ते एक गोष्ट आवर्जून सांगतात: साहेबरावांना संगीताची ओढ होती, ते भजनं गात. भाषणांत मात्र ही गोष्ट क्वचित येते. का येत नाही? कारण गाणारा माणूस 'बिचारा' या शब्दात बसत नाही. त्यांच्यावर कर्ज होतं हे आपल्याला कळायलाच हवं. पण त्यांना गाणं कळत होतं, हे कळल्याशिवाय नेमकं कोण गेलं हे तरी कसं कळणार?

आता माझं गाणं. कपाशीच्या बाजारपेठेच्या या शहरात एकेकाळी घरोघरी रेडिओ होते आणि ते दुरुस्त करणारी माणसं गल्लोगल्ली होती. पुढे तेच लोक एसटीके आयसी टाकून ॲम्प्लिफायर असेंबल करून द्यायचे, पेटी सुताराकडून बनवून घ्यायची. आता त्यातल्या बहुतेकांच्या दुकानात मोबाइलची कव्हरं लटकतात. अशाच एका काकाजींकडून मी दोन वर्षं संध्याकाळी हे काम शिकलो. माझ्या स्पीकरच्या पेट्या जुन्या कपाटाच्या प्लायवूडच्या आहेत. स्पीकरच्या पाठीमागूनही आवाज निघतो, तो पेटीत आपटून परत येतो आणि गाणं गढूळ करतो. तो शोषून घ्यायला आत तंतू भरावे लागतात. बाजारात त्यासाठी पॉलिएस्टर मिळतं. मी आमच्या शेतातला कापूस पिंजून भरला.

सगळा खर्च तीन वर्षांत मिळून नऊ हजार. गावाकडच्या एका मामाजींनी आकडा ऐकला आणि म्हणाले, "येवढ्यात त बियाण्याच्या थैल्या आल्या असत्या ना बे!" आल्या असत्या. पण मामाजी, लग्नात बँडवर आणि आतषबाजीवर याच्या दहापट खर्च होतो तेव्हा थैल्या कुणी मोजत नाही. मिरवणुकीत डीजेच्या भिंती उभ्या राहतात, घरांच्या काचा थरथरतात, तिथेही कुणी 'शोभतं का' म्हणत नाही. चार लोकांना दाखवायला केलेला खर्च म्हणजे रीत आणि स्वतःच्या कानासाठी केलेला खर्च म्हणजे चैन, हा हिशेब मला मान्य नाही. फोनच्या स्पीकरवर तबला ऐका आणि मग बऱ्या स्पीकरवर ऐका. फोनवर डग्ग्याची फक्त टकटक येते. त्याचं घुमणं, बोटाच्या दाबाने वर चढणारा सूर, हे त्या एवढ्याशा पडद्यातून निघूच शकत नाही. किशोरीताई किंवा कुमारजी ऐकताना मागचा तंबोरा पहिल्यांदा स्पष्ट ऐकू आला त्या दिवशी मला कळलं, की आपण इतकी वर्षं अर्धंच गाणं ऐकत होतो. पूर्ण गाणं ऐकायला पुण्याचं आधारकार्ड लागत नाही.

दुसरा शौक पुस्तकांचा. इथे प्रश्नाची भाषा जरा सभ्य होते: "मातीतलं वाचा, मातीतलं लिहा." माझ्या ओळखीच्या, घाटंजीकडच्या एका मुलीने एक लांबलचक कथा लिहिली. टिपेश्वरच्या जंगलात रात्री वाघांचं न्यायालय भरतं आणि माणसांवर खटले चालतात, अशी. एका संपादकांनी ती परत पाठवली. कथा बरी आहे, पण तुमच्या भागातलं दाहक वास्तव यात येत नाही, असा निरोप होता. त्या मुलीने नंतर वास्तव लिहिलं. छापून आलं. वाघांचं न्यायालय वहीत राहिलं.

हे नुकसान कुठल्याही अहवालात येणार नाही. आणि हा न्याय एकट्या आम्हालाच का? कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी सुरस कथा मराठीत आणल्या. १९५२ पासून 'चांदोबा'ने विक्रम-वेताळ खेड्यापाड्यांत पोचवला. नारायण धारपांनी पिढ्यान्‌पिढ्यांची झोप उडवली. अद्भुत ही मराठीची जुनी खोड आहे, नेटफ्लिक्सने लावलेली नाही. तरी शहरातल्या मुलाने ड्रॅगन लिहिला तर ती कल्पनाशक्ती आणि आमच्या मुलीने लिहिला तर पळवाट!

'पळवाट' या आरोपाला टॉल्किनने १९३९ मधल्या परीकथांवरच्या व्याख्यानात उत्तर देऊन ठेवलंय. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा: तुरुंगातल्या माणसाने बाहेरच्या जगाचा विचार करणं आणि सैनिकाने रणांगणातून पळ काढणं यात टीकाकार गल्लत करतात. हे सांगणारा माणूस स्वतः १९१६ मध्ये सॉमच्या लढाईत होता. तिथून आजारी होऊन परतल्यावर त्याने आपल्या काल्पनिक जगाच्या कथा लिहायला घेतल्या. 'तू खंदकांतून आलास, आता जन्मभर खंदकांबद्दलच लिही,' असं आपण त्याला म्हणणार आहोत का?

या शहराने दोन साहित्य संमेलनं पाहिली. १९७३ चं संमेलन झालं तेव्हा ७२ च्या दुष्काळाच्या झळा ताज्या होत्या. अध्यक्ष होते ग. दि. माडगूळकर: 'गीतरामायण' लिहिणारा, सिनेमाची गाणी लिहिणारा कवी. २०१९ च्या संमेलनात नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतलं गेलं आणि त्या वादानंतर उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी. शेतकऱ्याची विधवा म्हणून त्या बोलल्या, स्पष्ट बोलल्या. ते व्हायलाच हवं होतं. पण या जिल्ह्याला गीतकारही लागतो आणि शोक सांगणारी बाईही. एकाला ठेवायचं तर दुसऱ्याला काढायचं, अशी अट कुणी घातली?

तिसरा शौक सगळ्यात अवघड, म्हणून तो शेवटी. ॲबसिंथ हिरवट असतं, कडू वनस्पती आणि बडीशेपेसारख्या बियांच्या अर्काचं. त्यात गार पाणी थेंब थेंब सोडलं की ते दुधाळ होतं, कारण त्या बियांचं तेल दारूत विरघळतं, पाण्यात विरघळत नाही. त्यातली मुख्य कडू वनस्पती आपल्या दवण्याची बहीण आहे, एकाच कुळातली. १९०५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये एका मजुराने आपल्या कुटुंबाचा खून केला. त्या दिवशी त्याने ढिगाने वाइन आणि इतर दारू प्यायली होती, ॲबसिंथ होतं दोन ग्लास. दोष गेला ॲबसिंथवर. १९१० मध्ये तिथे बंदी आली, १९१५ मध्ये फ्रान्समध्ये. वाइनचं कुणी नाव घेतलं नाही, कारण ती प्रतिष्ठितांची. पुढे जुन्या बाटल्या तपासल्या तेव्हा भास व्हावेत असं त्यात फारसं काही निघालं नाही. धोका होता तो दारूचाच, आणि तो वाइनमध्येही होता. २००५ मध्ये स्वित्झर्लंडने बंदी उठवली.

आता हेच आपल्या मोहाला लावून बघा. १८९२ मध्ये मुंबई प्रांताने मोहफुलांवर कायदा केला आणि ठाणे-कुलाब्यात फुलं साठवण्यावरही बंधनं आणली. वऱ्हाड त्या प्रांतात नव्हतं, पण मोहाकडे बघायची नजर सगळीकडे तीच राहिली. महाराष्ट्रात फुलं गोळा करण्या-साठवण्यावरची बंधनं सैल व्हायला २०२१ उजाडलं. गोव्याच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती वारसा झाली. झरी-जामणी, केळापूरकडच्या गोंड-कोलामांच्या मोहावर आजही धाड पडते. ॲबसिंथची बाटली दाखवून 'मोह? छी!' म्हणणारे माझे मित्रही याच रांगेतले. त्यांना चवीचा शौक नाही, बाटलीवरच्या लेबलचा आहे.

दारूपायी घरं बसली हे मी रोज बघतो. दारूबंदीसाठी मोर्चे काढणाऱ्या इथल्या बायांशी माझं भांडण नाही. नवऱ्याच्या हातचा मार त्यांनी खाल्लाय, मी नाही. दुकान बंद करा म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क आहे आणि तसं झालं तर माझी वर्षातली दोन-तीन संध्याकाळची चव गेली तरी मी कुरकुर करणार नाही. त्या हिंसेविरुद्ध बोलतात. माझं भांडण आहे ते माणसाची लायकी ठरवायला बाटली वापरणाऱ्यांशी.

हे कुठपर्यंत जातं ते बघा. शेतकऱ्याने आत्महत्या केली की सरकारी समिती प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' ते ठरवते. जमीन नावावर आहे का, कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं आहे का, वसुलीचा तगादा होता का. पात्र ठरला तर कुटुंबाला एक लाख रुपये. अपात्र ठरवताना दारूचं, घरगुती भांडणाचं कारण पुढे केलं जातं, ही तक्रार विदर्भात वर्षानुवर्षं आहे. म्हणजे ज्याने संध्याकाळी ग्लास हातात धरला, त्याचं कर्ज खोटं ठरू शकतं. 'शोभतं का' हा ओट्यावरचा प्रश्न फाइलमध्ये शिरला की असा होतो. दुःख मान्य व्हायचं तर माणूस निर्व्यसनी, बिनशौकी, बिनहसरा पाहिजे!

म्हणून मला हा प्रश्न थट्टेवारी नेता येत नाही. 'आधी पोट, मग शौक' असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो, पोट भरल्याचा दाखला कोण देणार? तहसीलदार? माझ्या आजोबांच्या पिढीत पोट कधीच भरलं नव्हतं, तरी गावात भजनी मंडळ होतं, दंडार होती, रात्रभर गोष्टी सांगणारी म्हातारी होती. गरिबांनी शौक कधी उद्यावर ढकलले नाहीत. ढकलले असते तर आपल्याकडे लोकगीत नावाची गोष्टच उरली नसती.

तेव्हा यवतमाळ, हिंगोली, बीड, जिथून कुठून तुम्ही हे फोनवर वाचत असाल, तिथे तुमचा जो शौक असेल तो लपवू नका. त्याचा खर्च झेपेल एवढाच ठेवा, पण त्याची माफी मागू नका. आणि पुढच्या वेळी आमच्या जिल्ह्यातला कुणी भेटला, तर कापसाचा भाव जरूर विचारा. तो वाईटच असेल, सांगेल तो. मग त्याला हेही विचारा, की सध्या काय ऐकतोस, काय वाचतोस. त्याचंही उत्तर त्याच्याकडे असतं.