सिस्टर हवी, पण सून नको?

"मुलगी छान आहे हो, पण नर्स आहे..." या वाक्यातल्या 'पण'चा मला फार राग येतो. लग्नाच्या बोलण्यात हे मी किती वेळा ऐकलंय! नाईट ड्युटी असते, परक्या पुरुषांचं सगळं करावं लागतं, मग घराकडे कोण बघणार? आणि हेच म्हणणाऱ्या घरातलं कुणी अ‍ॅडमिट झालं, की रात्री दोन वाजता व्हरांड्यातून धावत आपण हाक कुणाला मारतो? "सिस्टर, सलाईन संपलं!"

सलाईन लावणं आणि गोळ्या देणं, एवढंच त्यांचं काम नसतं, मैत्रिणींनो. माझ्या सासूबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हा आम्ही अठरा दिवस दवाखान्यात होतो. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ राउंडला येत. बाकी सगळा दिवस सिस्टरांचा. दर दोन तासांनी कूस बदलायची, कारण एकाच अंगावर पडून राहिलं की कंबरेला, टाचांना जखमा होतात. नाकातल्या नळीतून पेज देताना उशाकडची बाजू उंच ठेवायची आणि नंतरही अर्धा तास आडवं करायचं नाही, नाहीतर पेज वर येऊन फुप्फुसात जायची भीती. हे सगळं त्यांनी केलं आणि मला नि माझ्या जावेला हाताला धरून शिकवलं. "वहिनी, घरी आम्ही नसणार. आता तुम्ही करून दाखवा बघू!" उचलताना कंबरेत वाकू नका, गुडघ्यात वाका, नाहीतर पुढच्या पेशंट तुम्हीच, हेही त्यांनीच सांगितलं. पेशंटची चौकशी सगळे करतात हो, पण पेशंटला उचलणाऱ्या बाईच्या कंबरेची चौकशी तेवढी त्यांनीच केली. सासूबाई पुढे तीन वर्षं होत्या. पाठीला एक जखम झाली नाही.

पाठीला जखम नाही, यात काय एवढं? अरुणा शानभाग आठवतात ना? मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथल्याच एका सफाई कामगाराने त्यांच्यावर पाशवी हल्ला केला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ ला त्या गेल्या, तोपर्यंत म्हणजे जवळजवळ ४२ वर्षं त्यांना भरवणं, न्हाऊ-माखू घालणं केईएमच्या नर्सेसनी केलं. बरोबरच्या रिटायर झाल्या. ज्यांनी अरुणाताईंना चालताना-बोलताना कधी पाहिलंच नव्हतं, त्या पोरींनी पुढे हेच काम चालू ठेवलं. इतक्या वर्षांत त्यांना बेडसोअर झालं नाही, असं रुग्णालयाने सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं होतं. मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने या सेवेचं मनापासून कौतुक केलं आणि अरुणाताईंच्या वतीने निर्णय घेणारी जवळची माणसं म्हणून केईएमच्या कर्मचाऱ्यांनाच मान दिला. रक्ताचं नातं नाही, पण घरचीच माणसं म्हणायची ना ही?

दरवर्षी १२ मेला, फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या वाढदिवशी, परिचारिका दिन होतो. गुलाबाची फुलं, भाषणं, 'सेवेची मूर्ती' वगैरे. मला हे 'मूर्ती' प्रकरण काही पटत नाही. मूर्तीला पगार लागत नाही, झोप लागत नाही, तिच्यावर नातेवाईक ओरडले तरी चालतं! जीएनएमचा कोर्स तीन वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. एवढं शिकून आलेल्या मुलीला आपण "ए बाई, बेडपॅन आण" म्हणतो आणि डिस्चार्जच्या दिवशी पेढ्यांचा बॉक्स तेवढा डॉक्टरांच्या केबिनमध्ये जातो.

म्हणून होणाऱ्या सासूबाईंना एक सुचवते. मुलगी बघायला जाल तेव्हा "नाईट सोडशील ना?" असं विचारू नका. त्याऐवजी आपल्या घराकडे बघा. ती सकाळी आठला दमून आली की दुपारपर्यंत झोपेल अशी एखादी शांत खोली आहे का? आणि तेवढा वेळ चहा-पोळीचं कोण बघणार, हे आधी मुलाला विचारून ठेवा.