मरणाची तालीम : ‘एज ऑफ टुमॉरो’, मुचकुंद आणि गंगाधरपंत

परग्रहवासीयांशी युद्ध आणि कालप्रवास हे दोन विषय एकत्र आले की आपल्याकडील साहित्याचा अभ्यासक त्या चित्रपटाकडे पाठ फिरवतो. हा करमणुकीचा माल, त्यात समीक्षेने काय शोधायचे, अशी त्यामागची धारणा असते. डग लायमन दिग्दर्शित ‘एज ऑफ टुमॉरो’ (२०१४) या चित्रपटाच्या निमित्ताने ही धारणा तपासून पाहण्याजोगी आहे. हा चित्रपट मोठी कलाकृती आहे असा माझा दावा नाही. तो एक मोठा प्रश्न उभा करतो आणि शेवटच्या काही मिनिटांत त्या प्रश्नापासून पळ काढतो, असे माझे मत आहे. त्या पळून जाण्याचाच अभ्यास आपण करावयास हवा.

कथानक थोडक्यात असे. परग्रहावरून आलेल्या ‘मिमिक’ नावाच्या जीवांनी युरोप गिळला आहे. विल्यम केज हा प्रसिद्धी खात्यातला अधिकारी. युद्धाची भलामण करणे हे त्याचे काम, प्रत्यक्ष लढण्याचा अनुभव शून्य. शिक्षा म्हणून त्याला फ्रान्सच्या किनाऱ्यावरील हल्ल्यात ढकलले जाते. तेथे एका विशिष्ट मिमिकला मारताना त्याचे रक्त केजच्या अंगावर सांडते. केज मरतो आणि आदल्या दिवशीच्या सकाळी जागा होतो. पुन्हा तोच किनारा, तेच मरण. शत्रूजवळ काळ मागे फिरवण्याची शक्ती आहे आणि ती चुकून या भित्र्या माणसाच्या हाती लागली आहे. रीटा व्रतास्की ही वीरांगना त्याला शिकवू लागते. चूक झाली की तीच त्याला गोळी घालते, म्हणजे दिवस नव्याने सुरू व्हावा.

मराठीत ‘तालीम’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. नाटकाची तालीम आणि पहिलवानाची तालीम. केजची मरणे या दोन्ही अर्थांनी तालीम आहेत. संवाद पाठ होतात, हालचाली बसतात, अंग कमावले जाते. प्रेक्षक हसतो, कारण मरणाला आता किंमत उरलेली नाही. ज्या जपानी कादंबरीवरून हा चित्रपट बेतला आहे, ती हिरोशी साकुराझाका यांची ‘ऑल यू नीड इज किल’ (२००४). व्हिडिओ गेम खेळणाऱ्याचा अनुभव हे त्या कादंबरीचे बीज आहे. हरलेला डाव पुन्हा मांडता येतो, ही त्या खेळाची मूळ सोय. तीच सोय युद्धाला लावली की काय होते, हा या कल्पनेचा गाभा होय.

परंतु चित्रपटाचे खरे बळ या विनोदात नाही, ते स्मरणाच्या विषमतेत आहे. काळ सर्वांसाठी मागे जातो, आठवण मात्र एकालाच राहते. केज रीटाला शेकडो दिवसांपासून ओळखतो, रीटाला तो दर सकाळी परका असतो. तिच्याजवळही ही शक्ती पूर्वी होती, आणि आपल्या माणसाला असंख्य वेळा मरताना पाहून ती कोरडी झाली आहे. एका टप्प्यावर केजला कळते की अमुक ठिकाणापुढे रीटा जगतच नाही, कितीही वेळा प्रयत्न केला तरी. तेथे तो क्षणभर थांबतो. मरण स्वस्त झाले तरी साक्षीदाराचे दुःख स्वस्त होत नाही, हे येथे चित्रपटाला उमगलेले असते.

आणि मग शेवट. शत्रूचे केंद्र नष्ट होते, केज पुन्हा एकदा जागा होतो, या वेळी आणखी आधीच्या क्षणी. युद्ध जिंकलेले, मेलेले सारे जिवंत, रीटाही जिवंत. तो हसतो आणि चित्रपट संपतो. कादंबरीत असे नाही. तेथे कालचक्र तोडण्यासाठी दोघांपैकी एकानेच उरावे लागते. नायकाला रीटाला स्वतःच्या हाताने मारावे लागते आणि ती आठवण घेऊन जगावे लागते. कादंबरीने किंमत वसूल केली, चित्रपटाने माफ केली. हा फरक केवळ ‘सुखान्त’ आणि ‘शोकान्त’ यांचा नाही, तो नैतिक फरक आहे.

या फरकाचे माप घेण्यासाठी परदेशी सिद्धान्ताकडे धाव घेण्याचे कारण नाही. भागवताच्या दशम स्कंधातला मुचकुंद आठवावा. मांधात्याचा हा पुत्र देवांच्या बाजूने असुरांशी लढतो. युद्ध संपते, कार्तिकेय सेनापती होतो, मुचकुंदाला निरोप मिळतो. तेव्हा देव त्याला सांगतात की तुझ्या राण्या, पुत्र, मंत्री, प्रजा यांतले आता कोणीही उरलेले नाही, काळाने सर्वांना नेले. मोक्षाखेरीज हवे ते माग, असे म्हटल्यावर तो दमलेला सैनिक झोप मागतो. युगे लोटतात. गुहेत काळयवनाने लाथ मारल्यावर तो जागा होतो, त्याच्या दृष्टीने काळयवन भस्म होतो, आणि बाहेर येऊन पाहतो तो माणसे, पशू, वृक्ष सारे खुजे झालेले. परक्यांच्या युद्धातून परतलेल्या सैनिकाला घर सापडत नाही, ही कल्पना जो हाल्डमन या व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन लेखकाने ‘द फॉरेव्हर वॉर’ (१९७४) मध्ये सापेक्षतेच्या आधाराने मांडली. मुचकुंदाची कथा म्हणजे आपली प्राचीन विज्ञानकथा, असे म्हणण्याचा मोह येथे टाळावा. तसे म्हणणे विज्ञानावरही अन्याय आहे आणि पुराणावरही. मुद्दा इतकाच की देवांनाही त्याचा गेलेला काळ परत देता आला नाही, आणि कथाकाराने तो द्यायला लावला नाही.

दुसरे माप जयंत नारळीकरांचे. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही त्यांची कथा इंग्रजी रूपात अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या पाठ्यपुस्तकातून देशभरच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली. १४ जानेवारी १७६१ चे पानिपत मराठ्यांनी जिंकले असते तर, हा प्रश्न आपल्या सामूहिक मनाला किती काळ छळत आला आहे हे सांगावयास नको. अपघातानंतर इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत नेमक्या त्याच जगात जाऊन पोहोचतात. तेथे विश्वासरावांना गोळी लागलेली नाही, ती कानाजवळून गेली आहे. हॉलिवूडने येथे काय केले असते याची कल्पना करावी. गंगाधरपंत मात्र लढत नाहीत. ते ग्रंथालयात जाऊन बखर वाचतात, सभेत अध्यक्षाच्या रिकाम्या खुर्चीत बसायला जातात आणि लोकांकडून हाकलले जातात. परत येताना त्यांच्याजवळ असते ते बखरीचे एक फाटके पान. जिंकलेले जग त्यांना मिळत नाही, पुरावा मिळतो. हरलेले युद्ध फिरवून न घेता ते समजून घेण्याची ही शिस्त मला या कथेचे मोठे यश वाटते. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. त्यांच्याविषयी लिहिताना त्यांचा विज्ञानप्रसार आपण आवर्जून आठवतो, ही कथनदृष्टी क्वचितच.

हे सारे गोंदियात बसून लिहिण्याला कारण आहे. दिवाळीनंतर धान निघाले, मंडई सुरू झाल्या की आमच्या झाडीपट्टीत रात्र रात्र नाटके रंगतात. आज या गावी मेलेला नायक उद्या दुसऱ्या गावी उभा राहतो, हे प्रेक्षकाला पक्के ठाऊक असते. तरीही तो रडतो, कारण त्या रात्रीपुरते ते मरण खरे असते. कोणतेही नाटक पडदा पडण्याआधी ‘हे घडलेच नव्हते’ असे सांगून त्याचे अश्रू परत करीत नाही. पुनरावृत्तीने मरण स्वस्त होतेच असे नाही, याचा हा घरचा दाखला. आणि याच जिल्ह्याच्या देवरी, सालेकसाकडच्या जंगलपट्टीने कित्येक वर्षे नक्षलवादी आणि पोलीस यांच्यातला संघर्ष सोसला आहे. तेथल्या कोणत्याही आईला सकाळ दुसऱ्यांदा मिळाली नाही. ज्या विद्यार्थ्याने हे जवळून ऐकले आहे, त्याला केजच्या त्या शेवटच्या हसण्याबद्दल काही विचारता आले पाहिजे.

यावर आक्षेप येईल की व्यापारी चित्रपटाकडून इतकी अपेक्षा कशाला? तिकीट काढणाऱ्याला दोन घटका सुटका हवी असते. आक्षेप अर्धा मान्य. सुटका हवी असण्यात काही गैर नाही. मात्र कोणत्या गोष्टीपासून सुटका दिली जाते, हे विचारणे समीक्षेचे काम आहे. येथे सुटका परग्रहवासीयांपासून मिळत नाही, ती युद्धाच्या हिशेबापासून मिळते. चित्रपट फ्रान्सच्या किनाऱ्यावर घडतो, व्हर्दंचे नाव घेतो, आणि अमेरिकेत तो प्रदर्शित झाला तो दिवस ६ जून, म्हणजे नॉर्मंडीच्या उतराईचा सत्तरावा स्मृतिदिन. इतक्या खऱ्या मरणांची सावली उसनी घेणाऱ्याने ती परत करताना काहीतरी द्यावे, एवढीच मागणी.

म्हणून अध्यापक मित्रांना सूचना अशी की विज्ञानकथेचा तास ‘यातले कोणते भाकीत खरे ठरले’ या प्रश्नावर संपवू नये. हा चित्रपट, मुचकुंदाचे आख्यान आणि गंगाधरपंत एकत्र वाचावेत. काळ फिरल्यावर आठवण कोणाजवळ उरते आणि किंमत कोण देते, हे दोन प्रश्न तिन्ही संहितांना विचारावेत. दोन संहिता उत्तर देतील. तिसरी हसून वेळ मारून नेईल, आणि ती तसे का करते हे विद्यार्थ्यांना मग वेगळे शिकवावे लागणार नाही.