नर्सरीला बंगला पुरतो?

आमच्या गल्लीत एका बंगल्यात नर्सरी निघाली. मुलं आणणाऱ्या व्हॅनच्या चालकाकडे परवाना आहे. नर्सरी चालवणाऱ्या बाईंकडे काय आहे? बंगला.

असं म्हटलं की उत्तर ठरलेलं: "अहो, लहान मुलांना माया लागते, पदवी नाही. ताराबाई मोडक, अनुताई वाघ कुठले कोर्स करून आल्या होत्या?" उदाहरण नेमकं उलटं आहे. ताराबाई पदवीधर. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर वर्षानुवर्षं काम करून त्यांनी माँटेसरी पद्धत अंगी मुरवली, आणि मग १९४५ साली बोर्डीची बालवाडी उभी राहिली. तिथे गेलेल्या अनुताई पस्तिशीच्या होत्या, रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या, वर्गात मुरलेल्या शिक्षिका. बोर्डीत त्यांनी केली तशी शंखशिंपले आणि बियांतून शिक्षणाची साधनं करायची, तर आधी ती साधनं कशासाठी असतात ते कळावं लागतं. नुसत्या मायेला ते कळत नाही.

त्या बंगल्यात मी साडेतीन वर्षांचा एक मुलगा पाहिला. मुठीत पेन्सिल धरून चौरेघी वहीत 'अ' गिरवत होता. कागद फाटला, तो रडला. बाई मला कौतुकाने म्हणाल्या, "आमच्याकडे जूनपासूनच लेखन!" ज्यांना ठाऊक आहे त्या आधी मणी ओवायला देतात, कणीक मळायला, कागद फाडायला, बोटं तयार झाली की पेन्सिल. शिकवणारी ताई हे जाणतही असेल, पण वह्या मागवणाऱ्या मुख्य बाईंपुढे तिचं काय चालणार? म्हणून पात्रतेची अट आधी त्या खुर्चीला हवी.

"कागदी पदव्यांनी काय होतं?" हा आक्षेप मात्र मला मान्य आहे. एम.ए.चा हट्ट माझाही नाही. बालशिक्षणाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम, प्रत्यक्ष वर्गातली तीनेक वर्षं, आणि 'लिहायला कधी घेणार?' विचारणाऱ्या पालकाला 'इतक्यात नाही' म्हणण्याची धमक, एवढं पुरे. यातलं तिसरं पहिल्या दोनांतूनच येतं.

फी वाढेल म्हणतात. ती नव्या घसरगुंडीनेही वाढलीच की.

अंगणवाडीसेविकेला आता बारावी लागते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तिच्यासाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रमही सांगितला आहे. तुटपुंज्या मानधनावर राबणारीला अट घालताना कुणी मायेची गोष्ट काढली नाही. ती फक्त बंगलेवाल्यांसाठी राखून ठेवलेली दिसते.