सोनेरी हातमोजा

सॉफ्टबॉलमध्ये टाळ्या फटक्याला मिळतात. मैदानाच्या टोकाला उभे राहून चेंडूची दिशा क्षणार्धात ताडायची, कुंपणापर्यंत धावायचे आणि अंग झोकून देऊन झेल घ्यायचा, हे काम मात्र दुर्लक्षितच राहते. अमेरिकेच्या ए. जे. अँड्र्यूज हिने लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडून आणि पुढे ॲक्रन रेसर्स या व्यावसायिक संघाकडून खेळताना याच कामात कीर्ती मिळवली. उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा ‘गोल्ड ग्लव्ह’ हा पुरस्कार बेसबॉलमधील पुरुषांना १९५७ पासून मिळत होता. स्त्रीच्या हाती तो प्रथम आला २०१६ मध्ये, अँड्र्यूजच्या रूपाने! या घटनेचे कौतुक जरूर व्हावे. पण एकोणसाठ वर्षे लागली कशाला, हेही विचारले जावे. झेल काही स्त्री-पुरुष पाहून हाती येत नाही.

शिवाय, सन्मानाने चरितार्थ चालत नाही. व्यावसायिक सॉफ्टबॉलमधील मानधन तुटपुंजे. अनेक खेळाडूंना जोडीला दुसरी नोकरी करावी लागे. अँड्र्यूज ज्या ‘नॅशनल प्रो फास्टपिच’ या स्पर्धेत खेळली, ती स्पर्धाच २०२१ मध्ये बंद पडली. महाविद्यालयीन सामन्यांना गर्दी करणारा प्रेक्षक त्याच मुलींच्या व्यावसायिक सामन्यांकडे का वळला नाही, याचे उत्तर खेळाडूंकडे मागणे अन्यायाचे आहे.