मुका शत्रू

चाळिशी ओलांडलेल्या, मराठी शिकवून पोट भरणाऱ्या गृहस्थाने फावल्या वेळात व्हिडिओ गेम खेळावेत, ही गोष्ट आपल्याकडे अजून चारचौघांत सांगण्याजोगी झालेली नाही. पत्ते कुटणे चालते, कॅरमपायी रात्र जागवणे चालते. इतकेच काय, क्रिकेटच्या सामन्यासाठी एक दिवस आजारी पडणेही चालते. परंतु ‘काल रात्री एक राक्षस काही केल्या मरेना’ असे कोणी सांगू लागला, की ऐकणारे चहाचा कप घेऊन हळूच दुसऱ्या टेबलाकडे सरकतात. तरीही मी खेळतो. आणि जो खेळतो त्याला मते असतातच. ती या वेळी फराळाच्या ताटाबरोबर वाचकांपुढे ठेवतो.

या खेळांत दोन मोठी कुळे आहेत. पहिले हातघाईचे, म्हणजे अ‍ॅक्शनचे. नव्वदच्या दशकात ज्यांनी टीव्हीला यंत्र जोडून, कॅसेट फुंकून फुंकून आत सारली, त्यांना १९८७ सालचा ‘काँट्रा’ आठवत असेल. तीन जीव मिळायचे. समोरून गोळी आली, की उडी मारायची किंवा आडवे व्हायचे. चुकलात, की मेलात. या कुळाचा मला आवडणारा गुण म्हणजे त्याचा रोखठोकपणा. इथे वशिला नाही, सबब नाही. खड्ड्यात पडलात तर तुम्हीच पडलात.

दुसरे कुळ भूमिकेचे, म्हणजे रोल-प्लेइंगचे. त्याचा मूळपुरुष संगणकावर जन्मलाच नाही. १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ निघाला, तो कागद, पेन्सिल आणि फाशांचा. चारपाच माणसे टेबलाभोवती बसत. एक जण कथा पुढे नेई. बाकीचे कोणी योद्धा होत, कोणी मांत्रिक, आणि त्या त्या पात्राच्या तोंडून बोलत. पुढे जपानात १९८६ साली ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आणि १९८७ साली ‘फायनल फँटसी’ आले, आणि हे कुळ घराघरांतल्या पडद्यांवर जाऊन बसले.

आमच्या सिंधुदुर्गात राहणाऱ्या माणसाला यात नवल वाटू नये. दशावतारी कंपनीकडे लिहिलेली संहिता नसते. त्या रात्री कोणते आख्यान लावायचे, कोणी कोण व्हायचे, एवढे ठरते. संवाद मात्र ज्याने त्याने रंगमंचावर उभे राहून रचायचे. ‘रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा’ असे त्या नटांबद्दल म्हणतात. पण जोवर राजा आहे, तोवर तो राजासारखाच बोलतो. हे सारे आमच्याकडे आधीपासून होते, अशी छाती फुगवण्यासाठी मी हे सांगत नाही. भूमिका घेणे म्हणजे काय, हे मला त्या नटांनी दाखवले, एवढ्यासाठी सांगतो. भूमिका घेणे म्हणजे नुसता वेश चढवणे नव्हे. समोरच्याला उत्तर देणे होय.

या कसोटीवर रोल-प्लेइंग म्हणवणारे पुष्कळ खेळ नापास होतात. दहा लांडगे मार, वीस मुळ्या गोळा कर, आणून दे, तुझा आकडा वाढेल! याला भूमिका कसली म्हणायची? ही तर कारकुनी. कारकुनीच करायची, तर कॉलेजात परीक्षेचे काम मला पुरेसे आहे.

परंतु काही खेळ खरोखर बोलतात. पोलंडमध्ये तयार झालेला ‘द विचर ३’ हा २०१५ सालचा खेळ मोठ्यांसाठीचा आहे. मुलांच्या हाती देण्याचा नव्हे. त्यात एक सरदार भेटतो. हरवलेली बायको आणि मुलगी शोधून द्या, म्हणून तो आपल्याला विनवतो. शोध घेताना कळते, की हा दारुडा बायकोला मारत असे. त्याच्यावर तलवार उपसावी, असे मनात येते. पण तोवर तो आपली कर्मकहाणी सांगू लागलेला असतो, आणि आपल्याला ती ऐकावी लागते. त्याला क्षमा करावी, असे मला तेव्हाही वाटले नाही, आजही वाटत नाही. मात्र ऐकल्यावरचा राग आणि न ऐकताचा राग यांत फरक असतो, तो तिथे समजतो. त्याच वर्षी आलेला ‘अंडरटेल’ तर असा रचला आहे, की एकाही प्राण्याला न मारता तो शेवटास नेता येतो. वाटेत आडव्या येणाऱ्या प्रत्येक राक्षसाशी बोलता येते.

राक्षसाशी बोलण्याची गोष्ट निघाली, की मला आमचा संकासूर आठवतो. दशावताराच्या पूर्वरंगात तो येतो. काळा वेश, लोंबती लाल जीभ. वेद पळवणारा हा दैत्य शेवटी विष्णूच्या हातून मरणार, हे पोराटोरांनाही ठाऊक असते. पण मरण्यापूर्वी तो मालवणीत जे बोलतो, त्यासाठीच निम्मी जत्रा जागी असते. मागे एका जत्रेत मांडवाच्या कडेला चार मुले मोबाइलवर गोळीबार करीत बसली होती. संकासुराने त्यांना हेरले आणि थेट विचारले, ‘‘कोणाक मारतंस रे थय? माका मारूक विष्णू येता, तो पण आधी माझा ऐकान घेता!’’ सगळा मांडव हसला. मुलेही हसली आणि मोबाइल खिशात गेले.

हसण्यावारी नेण्यासारखे मात्र ते वाक्य नव्हते. ‘पब्जी’वर सरकारने २०२० साली बंदी घातली, तेव्हा पुष्कळ आईबापांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मुलांनी दुसरा गोळीबार शोधला, एवढेच. ही मुले मारधाडीलाच का चिकटतात, असे मी माझ्या एका विद्यार्थ्याला विचारले. पोरगा खेळात मोठा तरबेज. तो म्हणाला, ‘‘सर, त्या दुसऱ्या गेममध्ये बोलणी फार असतात. सगळी इंग्रजीत. वाचत बसायचा कंटाळा येतो. मी सरळ स्किप करतो.’’

त्या उत्तराने मी अस्वस्थ झालो. गोळी मारायला भाषा लागत नाही. शत्रूचे म्हणणे समजायला लागते. म्हणजे इंग्रजी सराईतपणे वाचणाऱ्या घरातल्या मुलाला त्या सरदाराची कहाणी मोठेपणी तरी ऐकता येईल, आणि खेड्यातल्या मराठी शाळेत शिकलेल्या माझ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला नुसता मुका शत्रू येईल. मुलांना मारामारीचेच वेड, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण दुसऱ्या कुळाचे दार त्यांना त्यांच्या भाषेत कोणी उघडूनच दिलेले नाही.

हे अशक्य आहे असे नाही. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या कंपनीने २०२० साली ‘राजी’ हा खेळ काढला. असुरांनी पळवलेल्या भावाला सोडवायला निघालेली एक डोंबारी खेळ करणारी मुलगी, आणि तिची कथा सांगणारे दुर्गा व विष्णू. कुळ हातघाईचे, असुरांच्या झुंडी येतात, त्या लोळवायच्या. त्या झुंडींना वाचा नाही, ही माझी तक्रार आहेच. पण कथेचे काही भाग छायाबाहुल्यांनी सांगितले आहेत, ते पाहून मला कुडाळजवळचे पिंगुळी गाव दिसले. तिथले ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्या दिव्यापुढे नाचवून रामायण सांगतात. त्यांतल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. ‘राजी’च्या २०२२ च्या आवृत्तीत पात्रे हिंदीही बोलू लागली. पुण्यात घडलेला खेळ हिंदीपर्यंत आला. मराठीपर्यंतचे अंतर काही फार नाही. आणि राक्षसाच्या तोंडी कोणते बोलणे घालावे, असा प्रश्न पडला, तर कार्तिकात आमच्याकडे या. दिवाळी सरली, की जत्रा सुरूच होतात.

तोवर मात्र हे काम घरातल्या वडीलधाऱ्यांनाच करावे लागेल. सुटीत मुलगा किंवा मुलगी खेळायला बसली, की ‘बंद कर ते’ म्हणण्याआधी एकदा शेजारी खुर्ची ओढून बसा. तिच्या वयाला साजेसा, बोलणारा खेळ निवडा. पडद्यावर इंग्रजी संवाद आला आणि तिचे बोट स्किपकडे गेले, की ‘थांब जरा, काय म्हणतोय तो?’ असे विचारा आणि तो संवाद मराठीत सांगा. मालवणीत सांगता आला तर फारच उत्तम. मग पुढे काय करायचे, ते तिला ठरवू द्या.