इंजिन ऑइल पितंय? आधी रोग ओळखा, मग बाटली घ्या



गाळप हंगाम तोंडावर आला की पावसाळाभर शेडमध्ये उभे असलेले ट्रॅक्टर, जीपगाड्या, जुन्या मोटारी बाहेर निघतात. आणि मग भोकर, मुदखेड, उमरी, हिमायतनगर या पट्ट्यात कुठेही चार शेतकरी बसले की एक तक्रार हमखास ऐकू येते, "गाडी चालते चांगली, पण ऑइल लई पिती बघा." त्यावर कोणीतरी तत्परतेने उपायही सुचवतो. अमुक कंपनीची बाटली आण, इंजिनात ओत, धूर बंद अन् ऑइल खाणंही बंद. बाटलीवर सोन्याच्या रंगाची अक्षरे असतात, सोबत धावत्या मोटारीचे चित्र असते. किंमत मात्र बहुधा अशी असते की तेवढ्या पैशात लिटर-दीड लिटर चांगले ऑइल यावे.

या बाटल्यांबद्दल चार शब्द स्पष्ट लिहावेत असे मनात होते. माझे मत पहिल्यालाच सांगतो. जिथे लोखंड झिजले आहे तिथे बाटली काही करू शकत नाही. जिथे ती थोडेफार करू शकते ती ठिकाणे मोजकीच आहेत, आणि ती ओळखल्याशिवाय खर्च करणे म्हणजे आजार म्हशीला अन् इंजेक्शन पखालीला.

ऑइल जाते कुठे?

इंजिनातले ऑइल तीनच वाटांनी कमी होते. बाहेर गळते, नाही तर आत जळते, नाही तर ब्रिदरवाटे वाफ होऊन जाते. गळती पाहायला मिस्त्रीही लागत नाही. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकावा आणि सकाळी डाग बघावा. पुष्कळदा चेंबरचे पॅकिंग किंवा क्रँकचे ऑइलसील गेलेले असते, आणि मालक मात्र "इंजिन बसलं" म्हणून कपाळाला हात लावून बसतो.

आत जळणारे ऑइल धुरावरून कळते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. पांढरा धूर म्हणजे पाणी किंवा न जळालेले डिझेल. निळ्या धुरातही वेळ बघावी. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू केल्यावर भसकन निळा धूर येऊन मग थांबत असेल, तर बहुधा व्हॉल्व्हची गाईड किंवा त्यावरचे रबरी सील गेले आहे. ओझे घेऊन चढ चढताना सतत निळा धूर येत असेल आणि ब्रिदरमधून फकफक वाफ निघत असेल, तर पिस्टनच्या रिंगा आणि लायनर झिजले आहेत. पहिले काम थोडक्यात भागते, दुसरे खर्चाचे आहे. दोन्हींना एकच औषध कसे लागू पडेल?

बाटलीत असते काय?

बाजारातल्या औषधांचे ढोबळमानाने चार प्रकार आहेत. पहिला दाट करणारा. त्यात चिकट पदार्थ असतो, तो ऑइल घट्ट करतो. झिजलेल्या रिंगेच्या फटीतून दाट ऑइल जरा कमी वर चढते, म्हणून काही दिवस धूर कमी दिसतो. पण झीज तिथेच राहते. उलट थंड इंजिन चालू करताना हे दाट ऑइल बेअरिंगपर्यंत पोचायला वेळ लावते, आणि इंजिनाची बरीचशी झीज त्या पहिल्या काही क्षणांतच होत असते.

दुसरा प्रकार रबर फुगवणारा. जुन्या गाडीची सीले कडक होऊन आकसतात. हा पदार्थ त्यांना थोडे मऊ करतो, त्याने बारीक पाझर कमी होऊ शकतो. सील फाटले असेल तर मात्र उपयोग शून्य.

तिसरा प्रकार सफाई करणारा. रिंगा झिजलेल्या नसून काजळीने खोबणीत चिकटल्या असतील तर त्या सुटायला याची मदत होऊ शकते. पण वर्षानुवर्षे ऑइल न बदललेल्या इंजिनात तो घातला की तळाचा गाळ सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकण्याचा धोका आहे. जाळी तुंबली की ऑइलचे प्रेशर गेले, आणि प्रेशर गेले की क्रँक गेला.

चौथा प्रकार टेफ्लॉन किंवा मॉलिब्डेनमसारखी घन भुकटी मिसळलेला. हा धातूवर थर बसवतो असे सांगतात. पण लायनरमध्ये पडलेली फट भुकटीने कशी भरणार, हे सांगणारा मला अजून भेटायचा आहे.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. आपण डब्यातून घेतो ते ऑइल म्हणजे नुसते तेल नव्हे. त्यात कंपनीनेच साधारण दहा ते वीस टक्के औषधे आधीच घातलेली असतात. मळ धुणारी, मळ तरंगत ठेवणारी, झीज रोखणारी, फेस मोडणारी. ती एकमेकांशी जुळवून, चाचण्या घेऊन ठरवलेली असतात. त्यात आपण वरून आणखी काही ओतले की तो तोल बिघडू शकतो. म्हणूनच बहुतेक इंजिन बनवणारे आपल्या पुस्तिकेत वरून काही मिसळू नका असे लिहितात. पण ती पुस्तिका असते कपाटात, आणि आपण ऐकतो दुकानदाराचे.

हे दावे पूर्वी तपासलेही गेले आहेत. अमेरिकेत एसटीपी ही या धंद्यातली फार नावाजलेली कंपनी. तिच्या औषधाने ऑइलचा खप कमी होतो अशी तिची जाहिरात होती. ग्राहकांच्या फसवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी यंत्रणेने चौकशी केली, तेव्हा ज्या चाचण्यांच्या आधारावर हे सांगितले जात होते त्या भरवशाच्या ठरल्या नाहीत. १९७८ साली त्या कंपनीला सात लाख डॉलरची तडजोड करावी लागली, आणि तशी जाहीर सूचना वर्तमानपत्रांतून छापावी लागली. पुढे १९९६ मध्ये टेफ्लॉनवाल्या स्लिक ५० वरही त्याच यंत्रणेने कारवाई केली आणि १९९७ मध्ये ते प्रकरण तडजोडीने मिटले. मोठमोठ्या कंपन्यांची ही गत, मग आठवडी बाजारात टेबल मांडून विकणाऱ्याचा शब्द किती धरायचा, हे ज्याने त्याने ठरवावे.

"पण अमक्याला गुण आला की!"

हा सवाल हमखास येतो आणि तो खोटाही नसतो. पण गुण कशाने आला हे तपासावे. बाटली ओतणारा गडी बहुधा त्याच दिवशी ऑइल बदलतो, फिल्टर बदलतो आणि पुढचा महिनाभर रोज डिपस्टिक बघतो. जुने, पातळ झालेले ऑइल काढून योग्य ग्रेडचे नवे घातले की खप बाटलीशिवायही कमी होऊ शकतो. श्रेय मात्र बाटलीला जाते. उसाच्या टॉनिकचे आपण हेच पाहतो. फवारणीनंतर चार दिवसांनी पाऊस पडतो, ऊस तरारतो आणि टॉनिकवाल्याचे नाव होते.

आपल्या भागातले खरे रोग

माझ्या समजुतीप्रमाणे आपल्याकडची इंजिने लवकर ऑइल पिऊ लागतात त्याची दोन मोठी कारणे आपल्या हातातली आहेत.

पहिले कारण धूळ. काळ्या रानातली वाट, पुढे भरलेली ट्रॉली आणि मागे आपण. ही माती एअर क्लीनरमधून आत गेली की रिंगा आणि लायनरला पॉलिश पेपरसारखी घासते. जुन्या ट्रॅक्टरच्या ऑइलबाथ एअर क्लीनरची वाटी हंगामात वरचेवर उघडून गाळ काढलाच पाहिजे. ऑइल खुणेपर्यंतच भरावे. जास्त भरले तर इंजिन तेच ओढून घेते, निळा धूर सोडते आणि आपण रिंगा गेल्या म्हणून घाबरतो! क्लीनरपासून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप चिरलेला आहे का, क्लिप ढिली आहे का, हेही बघावे. तिथून आत येणारी हवा गाळली जात नाही.

दुसरे कारण नंबराच्या रांगेत तासन्‌तास चालू ठेवलेले इंजिन. डिझेल इंजिन ओझ्याविना मंद चालत राहिले की नीट तापत नाही. डिझेल अर्धवट जळते, रिंगांच्या खोबणीत काजळी बसते, लायनरला चकाकी येते आणि न जळालेले डिझेल खाली ऑइलमध्ये उतरते. मग डिपस्टिकवर पातळी उलट वाढलेली दिसते आणि मालक खूश होतो, "बघा, थेंबभर कमी झालं नाही." ते ऑइल नसते, डिझेल असते. ड्रायव्हर इंजिन का बंद करत नाही, असे विचारले तर उत्तर मिळते, "सेल्फ उठत नाही, बॅटरी बसलीय." म्हणजे बॅटरीचे पैसे वाचवायला आपण रिंगा जाळतो आहोत.

मग करावे काय?

पहिले म्हणजे मोजावे. वहीत तारीख, किलोमीटर किंवा तास, घातलेले डिझेल आणि वरून घातलेले ऑइल लिहावे. माझा अंदाज असा की शंभर लिटर डिझेलमागे अर्ध्या लिटरपेक्षा जास्त ऑइल जाऊ लागले तर मिस्त्रीला दाखवावे. मोटारगाडी हजार किलोमीटरला लिटरभर खात असेल तरी तेच. त्याहून कमी असेल तर वरून ऑइल घालत राहणे हाच स्वस्त इलाज आहे.

हाफ इंजिन करायला आज पैसे नाहीत, हंगाम तर ओढायचा आहे, अशी अडचण खरीच असते. उसाचे बिल हातात पडेपर्यंत कोणाजवळ काय असते? अशा वेळी पुस्तिकेत परवानगी असेल तर एक ग्रेड दाट ऑइल वापरावे आणि रोज पातळी बघावी. जुन्या मोटारींसाठी सील मऊ ठेवणारी तयार ऑइलेही मिळतात, तीही चालतील. बाटलीच्या भरवशावर डिपस्टिक बघायचे सोडून देणे हे सगळ्यात वाईट. दोन ट्रॉल्या मागे असताना भर रस्त्यात इंजिन जाम झाले तर ऊस वाळतो, वजन घटते आणि तोडणीवाल्यांची टोळीही अडकून पडते.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. धूर लपवण्यासाठी विकण्याआधी दाट औषध ओतणारे लोक आहेत. म्हणून गाडी थंड असतानाच बघायला जावे. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर परत फिरावे. चालू इंजिनाचे ऑइल भरायचे झाकण उघडून वाफेचा जोर बघावा आणि भरल्या ओझ्याने चढावर चालवून बघावी.

शेवटी व्यवस्थापनास एक नम्र सूचना. कारखाना बंद झाला की आपण मिलचे रोलर काढतो, बॉयलरच्या नळ्या तपासतो, टर्बाइन उघडतो. झिजलेल्या रोलरवर औषध ओतून पुढचा हंगाम काढू, असे कोणताही चीफ इंजिनिअर म्हणणार नाही. हीच शिस्त सभासदांच्या वाहनांना लागावी. हंगामापूर्वी गटवार एक दिवस ठरवून वर्कशॉपच्या फिटरकडून वाहतुकीच्या ट्रॅक्टरांचे एअर क्लीनर, ब्रिदर, गळती आणि धूर तपासून द्यावा. तसेच यार्डात नंबराची वेळ आधी कळण्याची सोय करावी, म्हणजे इंजिने बंद ठेवता येतील. यात खर्च थोडा आहे, आणि वाचणारा पैसा सभासदाच्या घरात राहणार आहे.

— एक ऊस उत्पादक सभासद, भोकर