फोन घराचा, आजार एकाचा

अहिल्यानगरहून मनमाडच्या दिशेने निघाले की नागापूर लागते आणि रस्त्यालगत तिथली एमआयडीसी. पाळी सुटली की आसपासच्या खोल्यांमध्ये फोन हातोहात फिरू लागतो. वडिलांचा फोन मुलाकडे गृहपाठासाठी, त्याच्याकडून आईकडे, आईकडून भावाकडे. अशा घरात मुलाने क्रिकेटचा स्कोअर बघायला शोधपट्टीत ‘टी’ एवढेच अक्षर टाकावे आणि खाली आपोआप ओळ उमटावी : ‘टीबी घरच्यांना होतो का’. ज्याने हा प्रश्न दुपारी एकट्याने विचारला, त्याने तो अजून बायकोलाही सांगितलेला नसतो.

ब्राउझरच्या गोपनीयतेची चर्चा निघाली की बोलणे अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांवर जाते. ते चूक नाही, पण आपल्याकडे पहिली गळती घरातच होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या महिलांचे प्रमाण देशात ५४ टक्के होते. उरलेल्या जवळपास निम्म्या बायकांनी पाळी चुकली, अंगावरून जाते, मन लागत नाही हे विचारायचे ते दुसऱ्याच्या फोनवर. कायदा इथे चमत्कारिक ठिकाणी उभा आहे. गर्भपात करून घेतलेल्या स्त्रीचे नाव डॉक्टरने उघड केले, तर २०२१ च्या दुरुस्तीनुसार त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. एचआयव्हीबाधिताची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. दवाखान्याच्या नोंदवहीला कुलूप लागले आणि तोच मजकूर फोनच्या शोधपट्टीत उघडा राहिला.

यावर सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे ‘हिस्टरी पुसून टाका’. सल्ला अर्धाच आहे. पुसताना किती काळाचे पुसायचे हा पर्याय ब्राउझर विचारतो आणि बहुतेकदा तिथे थोड्याच वेळाचा पर्याय आधीच निवडलेला असतो. घाईत बटण दाबले की कालचे सगळे जागच्या जागी राहते. दुसरे असे की फोनमधली हिस्टरी पुसली तरी गूगल खात्यात साठणारी शोधांची नोंद वेगळी असते. ती खात्याच्या ‘माय अॅक्टिव्हिटी’ या पानावर जाऊन पुसावी लागते. तिथेच तीन, अठरा किंवा छत्तीस महिन्यांनी ती आपोआप पुसली जावी, अशी सोय करता येते. घरातल्या दोन फोनमध्ये एकच खाते टाकलेले असेल, तर एका फोनवरचा शोध दुसऱ्यावर दिसू शकतो. आपल्याकडे नवा फोन घेतला की दुकानदारच ‘आधीचेच खाते टाकतो’ म्हणतो आणि मुलाच्या खात्यावर आईचा फोन चालू होतो, हे इथे लक्षात घेतलेले बरे.

सगळेच पुसणे नेहमी शहाणपणाचे असते असेही नाही. नवरा किंवा सासरचे लोक फोन तपासतात अशा घरात कोरी करकरीत हिस्टरी हाच संशयाचा पुरावा ठरतो. तिथे नेमकी तेवढीच नोंद काढणे किंवा आधीच इन्कॉग्निटो म्हणजे गुप्त टॅब उघडून शोधणे बरे. घरगुती हिंसेबाबत मदत करणाऱ्या अनेक संकेतस्थळांवर एका क्षणात पान बंद करणारे ‘बाहेर पडा’ बटण असते, ते याच अनुभवातून आलेले आहे. आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन केला, तर त्याची नोंद कॉलच्या यादीत उरते. तिच्याशी ब्राउझरचा काही संबंध नाही.

गुप्त टॅबविषयीही मोठा गैरसमज आहे. तो बंद केला की त्या फोनवर हिस्टरी आणि कुकी राहत नाहीत, इतकेच त्याचे काम. डाउनलोड केलेला रक्ताचा रिपोर्ट फोनमध्ये तसाच राहतो, आणि उघडलेल्या संकेतस्थळाला, इंटरनेट पुरवणाऱ्याला किंवा कारखान्याच्या वायफायला आपण दिसतोच. अमेरिकेत याच मुद्द्यावर २०२० मध्ये गूगलवर दावा झाला. २०२४ च्या तडजोडीत कंपनीने अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले.

आता दूरच्या कंपन्यांकडे वळू. कुकी ही चिमुकली फाइल १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू माँटुली यांनी आणली, ती संकेतस्थळाला आलेला पाहुणा ओळखता यावा म्हणून. पुढे एकाच पानावर परक्या जाहिरात कंपन्यांच्याही कुकी येऊन बसल्या. टिमोथी लिबर्ट यांनी आरोग्यविषयक ऐंशी हजारांवर पाने तपासून २०१५ मध्ये निष्कर्ष मांडला : त्यातली ९१ टक्के पाने परक्या कंपन्यांशी संपर्क साधत होती, आणि अशा दहापैकी सात संपर्कांत आजाराचा किंवा उपचाराचा उल्लेख जात होता. यासाठी काही चोरावे लागत नाही, पानाच्या पत्त्यातच आजाराचे नाव असते. औषधांवर सवलत मिळवून देणाऱ्या गुडआरएक्स या अमेरिकी कंपनीने ग्राहकांची आरोग्यविषयक माहिती फेसबुक, गूगलला पुरवल्याबद्दल २०२३ मध्ये तिच्यावर १५ लाख डॉलर दंडाची कारवाई झाली. सफारी आणि फायरफॉक्स या परक्या कुकींना मुळातच अटकाव करतात. क्रोमने त्या बंद करण्याचे २०२० मध्ये जाहीर केले आणि २०२४ मध्ये बेत सोडला. म्हणजे क्रोम वापरणाऱ्याने सेटिंगमधल्या ‘गोपनीयता आणि सुरक्षा’ या भागात जाऊन तृतीय पक्षाच्या कुकी स्वतः बंद करायच्या. एखाद दुसरे पान नीट उघडणार नाही, त्याचे फार वाईट वाटून घेऊ नये.

गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यापुढे दीड वर्षाची मुदत आहे. शिवाय घरगुती वापर या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. खोलीतल्या त्या एका फोनचा प्रश्न तो सोडवणार नाही, ते काम घरानेच करायचे.

घर आणि कंपनी यांच्या मधली एक जागा मात्र सगळेच विसरतात : सेवा केंद्र, झेरॉक्सचे दुकान, सायबर कॅफे. अपंगत्वाचा दाखला, आयुष्मान कार्ड, रुग्णालयाचे कागद यांसाठी माणूस तिथे जातो, आणि आधार कार्डापासून एक्स-रेपर्यंत सगळे त्या संगणकाच्या डाउनलोड फोल्डरमध्ये साठत राहते. हिस्टरी पुसताना डाउनलोडची यादी जाते, फाइल जात नाही. ‘पासवर्ड जतन करायचा का’ या प्रश्नाला घाईत ‘हो’ म्हटलेले असते, व्हॉट्सअॅप वेब उघडेच राहते. सायबर कॅफेसाठीच्या २०११ च्या नियमांत तर पाहिलेल्या संकेतस्थळांची नोंद किमान वर्षभर ठेवण्याचे बंधन आहे, आणि स्वतंत्र कप्प्यात नसलेल्या संगणकाचा पडदा सर्वांना दिसेल असा बाहेरच्या बाजूला हवा. गुन्हे रोखण्यासाठी ते असेल, पण मुळव्याधीवर उपाय शोधणाऱ्याने तिथे बसू नये हे उघड आहे.

केंद्रचालकाला वेगळे यंत्र घ्यावे लागत नाही. संगणकावरच्या क्रोममध्ये ‘गेस्ट’ म्हणजे पाहुण्याची खिडकी असते. ती बंद केली की त्या ग्राहकाची हिस्टरी आणि कुकी मागे उरत नाहीत. डाउनलोड फोल्डर संध्याकाळी हाताने रिकामे करायला पाच मिनिटे लागतात. सेवांच्या दरफलकाशेजारी ‘काम झाल्यावर आपली कागदपत्रे या संगणकावरून पुसली जातात’ एवढी एक ओळ लावायला आणि ती पाळायला शासन निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.